चूक किती दिवसांनी कळते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे बडोद्यात सहायक प्राध्यापक आहेत. त्यांची पीएच.डी. आणि नंतरची परदेशातली दोन वर्षं एक्स-रे शोषण वर्णपटात गेली. आम्ही या धंद्यातली माणसं त्याला नुसतं 'एक्झॅफ्स' म्हणतो. आता पहिल्यांदाच त्यांच्या हाताखाली पीएच.डी.चे दोन विद्यार्थी आलेत. मुलगा प्रत्येक गोष्ट विचारून करतो, पेलेट (नमुन्याची भुकटी दाबून केलेली वडी) किती दाबायची हेसुद्धा फोन करून. मुलगी काहीच विचारत नाही. थेट फिट करून आणते, म्हणजे मोजलेल्या आलेखावर गणिती रेषा बसवून, आणि तो दर वेळी देखणा असतो. दिवाळीनंतर इंदूरला इंडस-२ या यंत्रावर दोघांचा पहिला बीमटाइम, म्हणजे मोजायला मिळालेला वेळ, आहे. त्यांचे शब्द असे: "विषय एवढा अरुंद की शेजारीपाजारी विचारायला कोणी नाही. यांना बोट धरून चालवू, की विहिरीत ढकलून पोहायला शिकवू?"

मी इंदूरची. जन्म रामबागेतला, शिक्षण इथलंच आणि गेली २६ वर्षं याच विषयात. अकरा जणांनी माझ्याकडे पीएच.डी. पूर्ण केली, दोघांनी मध्येच सोडली. त्या दोघांपैकी एकाच्या बाबतीत चूक माझी होती. त्या मुलाबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या दोघांपैकी डोकेदुखी मुलगा आहे, पण काळजी मुलीची करा.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पदार्थावर एक्स-रे सोडायचे, त्यांची ऊर्जा थोडी थोडी वाढवत न्यायची आणि किती शोषले जातात ते मोजायचं. प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली ऊर्जा आली की शोषण एकदम उडी घेतं. लोखंडाची ७,११२ इलेक्ट्रॉन व्होल्टला, तांब्याची ८,९७९ला. ही उडी म्हणजे 'एज'. तिच्यापुढे आलेखात बारीक लाटा दिसतात आणि त्या लाटांवरून अणूचे शेजारी कोण, किती आणि किती अंतरावर, हे काढता येतं. एवढ्या तीव्र आणि हव्या त्या ऊर्जेच्या किरणांसाठी सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन रिंगमध्ये वेगाने फिरवून एक्स-रे काढणारं यंत्र, लागतो. आपल्याकडे तो इंदूरला आहे: इंडस-१ ही ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची छोटी रिंग आणि इंडस-२ ही अडीच अब्जांची मोठी, परिघ साधारण १७२ मीटर. आमच्या कामाचे कडक एक्स-रे दुसरीतून मिळतात. (येताना रिक्षावाल्याला 'राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र' हे संस्थेचं पूर्ण नाव सांगू नका, विचारात पडेल. 'कॅट' हे जुनं नाव सांगा. नाव २००५मध्येच बदललं तरी शहराच्या तोंडी कॅटच आहे.)

आता मुलीबद्दल. विद्यार्थ्याच्या बाबतीत मी एकच आकडा मनात ठेवते: त्याच्या हातून चूक झाली, ती माझ्या कानावर येईपर्यंत किती दिवस गेले? हुशारी, पेपर, नेटमधले गुण हे सगळं त्यानंतर. हा हिशेब मी शिकले तो महागात पडून.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक विद्यार्थी तांब्याच्या एका सेंद्रिय संयुगावर काम करत होता. आम्हाला एका बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनमधले किरण जिथे प्रयोगासाठी आणतात ती जागा) तीन शिफ्ट मिळाल्या होत्या. रात्रीची शिफ्ट त्याची. त्याने एकाच पेलेटवर एकापाठोपाठ सहा स्कॅन घेतले, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे, आणि सहांची सरासरी काढून सकाळी मला दाखवली. आलेख इतका स्वच्छ होता की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यात ८,९८३च्या आसपास एक छोटा खांदा होता. मला तो फार आवडला. तिथला खांदा म्हणजे एकसंयुजी तांब्याची खूण. म्हणजे संयुगात दोन्ही प्रकारचं तांबं नांदतंय. आम्ही त्यावर गोष्ट रचली, पेपरचा मसुदा झाला, प्रस्तावना तर मी स्वतः मोठ्या हौसेने लिहिली.

मग एक दिवस दुसऱ्याच कामासाठी त्याची वही उघडली. त्या रात्रीच्या पानावर चौथ्या स्कॅनसमोर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं: 'थोडं हलतंय?' पाचव्यासमोर नुसतंच प्रश्नचिन्ह.

सहाही स्कॅन वेगवेगळे काढून एकावर एक ठेवले. पहिल्यात खांदा जवळपास नव्हताच. दुसऱ्यात किंचित, सहाव्यात ठसठशीत. मुळात ते तांबं द्विसंयुजीच होतं. आमच्याच किरणांनी चाळीस-चाळीस मिनिटं भाजून आम्ही ते क्षपित केलं होतं, म्हणजे एकसंयुजी करून टाकलं होतं. सेंद्रिय संयुगातल्या तांब्याचं असं होतं, हे मला माहीत होतं. माहीत असूनही सरासरीच्या गुळगुळीत रेषेने मला गुंडाळलं.

मी त्याला विचारलं, "अरे, दिसलं होतं तर बोलला का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढ्या खूश होतात."

वहीतल्या तारखा लावून मोजले: ९४ दिवस.

खरं कारण मला रात्री उशिरा आठवलं. त्या बीमटाइमच्या महिनाभर आधी दुसऱ्या एका मुलीने ऊर्जेचं कॅलिब्रेशन न करता डेटा आणला होता आणि मी तिला ग्रुप मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. खोलीत हा मुलगाही बसलेला होता. म्हणजे ते ९४ दिवस त्याचे नव्हते, माझे होते.

पेपर केराच्या टोपलीत गेला. त्यानेच पुढच्या वर्षी तोच नमुना पुन्हा मोजला: थंड करून, छोटे स्कॅन घेऊन, प्रत्येक स्कॅनला पेलेटवरची नवी जागा वापरून. खांदा नव्हता. संयुग साधं निघालं, पेपरही साधा झाला.

तेव्हापासून माझ्याकडे काही गोष्टी बदलल्या. पहिली: माझ्यासमोर सरासरी येत नाही. आधी सगळे स्कॅन, एकावर एक, रंगीत, कागदावर छापून भिंतीला लावायचे. पडद्यावर माणूस झूम करून आपल्याला हवं तेवढंच बघतो. भिंतीवरचा कागद जाता-येता नजरेस पडत राहतो आणि शेजारच्या लॅबमधला मुलगाही थांबून 'हे काय रे' विचारतो. विद्यार्थी स्वतःच्या तोंडाने "हे सहाही एकसारखे आहेत, कारण अमुक" असं म्हणाला की मगच सरासरी.

दुसरी गोष्ट माझ्या तोंडाची. कोणी चूक सांगायला आलं की पूर्वी माझा पहिला प्रश्न असायचा, "असं झालंच कसं?" आता मी विचारते, "केव्हा लक्षात आलं?" पहिला प्रश्न ऐकला की पोरगं बचावाला उभं राहतं. दुसरा ऐकला की गोष्ट सांगायला बसतं. सवय लागायला मला दोन वर्षं लागली आणि अजूनही कधीकधी जुना प्रश्न जिभेवर येतो.

आणि स्वतःच्या चुका सांगायच्या, त्याही नावगावासकट. माझी ठेवणीतली अशी: मी विद्यार्थी असताना कोबाल्ट फेराइट घेऊन लोखंडाच्या एजवर मोजायला बसले होते. लाटा जितक्या लांबपर्यंत मिळतील तितकं चांगलं, म्हणून स्कॅन खूप पुढपर्यंत लावला. पहाटे तीनच्या सुमाराला आलेखाने एकदम उंच उडी मारली. मला वाटलं बीममध्ये काहीतरी बिघाड झाला. मी झोपलेल्या इंजिनिअरला फोन करून उठवलं. ते डोळे चोळत आले, एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, पीरियॉडिक टेबल देखी थी?" लोखंड ७,११२, कोबाल्ट ७,७०९. सहाशे इलेक्ट्रॉन व्होल्ट पुढे गेलं की नमुन्यातल्या कोबाल्टची एज येणारच. तिथे लोखंडाच्या लाटांचा खेळ संपतो. फेराइटवर काम करणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगते. मुलं मनसोक्त हसतात आणि मग त्यांची स्वतःची अशी एखादी गोष्ट आठवड्याभरात बाहेर येते.

आता तुमच्या त्या मुलीकडे. जिचा फिट नेहमी देखणा असतो तिला फिट कसा करायचा हे शिकवायला जाऊ नका, ते तिला येतं. तिला फिटवर संशय घ्यायला शिकवायचं आहे. मी दोन-तीन गृहपाठ देते.

तांब्याची पातळ पट्टी, आम्ही फॉइल म्हणतो, तिचा डेटा द्या आणि फक्त फूरिये रूपांतर (लाटांवरून अंतरं दाखवणारं गणित) करून विचारा: पहिला शेजारी किती अंतरावर? ती शिखरावर बोट ठेवून २.२ अँगस्ट्रॉम सांगेल. मग कुठल्याही स्फटिकशास्त्राच्या पुस्तकातून खरं अंतर काढायला सांगा: २.५५. मधला हा फरक कुठे गेला? इलेक्ट्रॉनच्या लहरीची कला अणूंजवळून जाताना सरकते आणि शिखर जवळ ओढलं जातं, हे पुस्तकात सगळेच वाचतात. स्वतः चुकीचं उत्तर दिल्यावर मात्र ते हाडात मुरतं. मी एकदा दुसऱ्या एका गटाचा प्रबंध तपासायला घेतला होता; त्यात शिखराचं स्थान हेच बंधलांबी म्हणून तक्त्यात मांडलेलं होतं. मुलाचा दोष कमी, वर्षानुवर्षं तो तक्ता नजरेखालून घालणाऱ्यांचा जास्त.

दुसरा गृहपाठ: तांब्याच्या ऑक्साइडमध्ये तांब्याभोवती चार ऑक्सिजन असतात, सुमारे १.९५ अँगस्ट्रॉमवर. तिला म्हणा, ऑक्सिजन काढून त्या जागी नायट्रोजन घाल आणि फिट कर. तोही फिट सुंदर येईल. आवर्त सारणीत शेजारी बसणारे अणू या तंत्राला जवळपास वेगळे ओळखता येत नाहीत. तेव्हा ती जो चेहरा करेल तो बघण्यासारखा असतो. "मग मॅडम, माझ्या संयुगात ऑक्सिजनच आहे हे मी कशावरून म्हणतेय?" हा प्रश्न तिच्या तोंडून निघाला की तुमचं निम्मं काम झालं. उत्तर आहेच: रसायनशास्त्रावरून, इन्फ्रारेडवरून, ज्याने संयुग बनवलं त्याला विचारून. पण प्रश्न तिचा असला पाहिजे.

तिसरं नुसतं गणित आहे. डेटात स्वतंत्र माहिती किती? लाटा ज्या पट्ट्यात घेतल्या (त्या अक्षाला 'के' म्हणतात) त्याची लांबी आणि अंतराच्या पट्ट्याची लांबी यांचा गुणाकार करा, दुप्पट करा, पायने भागा. 'के' ३ ते १२ आणि अंतर १ ते ३ घेतलं तर उत्तर साधारण ११ येतं. आता तिच्या फिटमध्ये किती चल मोकळे सोडलेत ते मोजायला सांगा. मी पैज लावत नाही, पण तेरा-चौदा निघाले तर मला नवल वाटणार नाही. इतके चल सुटे असतील तर त्या लाटांवर राजवाड्याचा नकाशाही बसवता येईल.

या विषयाचा इतिहासही तिला जरूर सांगा, कारण आमच्या विषयाचा इतिहासच मुळी चुकीच्या वाचनाचा आहे. या लाटा १९२० सालापासून लोकांना दिसत होत्या. १९३१मध्ये क्रोनिगने स्पष्टीकरण दिलं, त्याने ते पुढे बदललंही आणि मग लांबवरची स्फटिकरचना महत्त्वाची की फक्त जवळचे शेजारी, यावर चाळीसेक वर्षं घोळ चालला. १९७१मध्ये सेयर्स, स्टर्न आणि लायटल यांनी फूरिये रूपांतर लावून दाखवलं तेव्हा लाटांचा अर्थ लागला. म्हणजे डेटा पन्नास वर्षं डोळ्यांसमोर होता! हे ऐकलं की 'मला कळत नाहीये' म्हणायची लाज बरीच कमी होते.

मुलाचं औषध वेगळं. त्याच्या प्रश्नांना उत्तर देणं बंद करू नका, पण किंमत लावा. माझ्याकडे नियम आहे: प्रश्नासोबत स्वतःचे दोन अंदाज आणायचे आणि त्यातला कुठला बरोबर वाटतो तेही सांगायचं. पहिल्या महिन्यात अंदाज चिल्लर असतात. तिसऱ्या महिन्यात तो दारापर्यंत येतो आणि "नको, कळलं" म्हणून परत फिरतो.

पेलेटचंच घ्या. किती नमुना घ्यायचा हे त्याला सांगू नका, हिशेब करायला लावा. १३ मिलिमीटरच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, तांब्याच्या ऑक्साइडची एज साधारण एकने उडावी असं हवं असेल तर जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम पुरतं. बाकी सगळं बोरॉन नायट्राइड, नुसतं धरून ठेवायला. पहिल्यांदा हे उत्तर आलं की मुलांचा विश्वास बसत नाही. एवढंसं? मग ते 'थोडं जास्त असू दे' म्हणून तिप्पट घालतात.

घालू द्या. किंबहुना मुद्दाम तीन पेलेट करून घ्या. एक बरोबर. एक तिप्पट जाड. एकात नमुना नीट न खलता, रवाळ ठेवलेला. तिन्ही खऱ्या बीमवर मोजायला लावा आणि तिन्हींत ऑक्सिजनचे शेजारी किती येतात ते त्यालाच काढू द्या. चांगल्या पेलेटमध्ये चार येतील. जाड आणि रवाळ पेलेटमध्ये तीन, सव्वातीन, कधी त्याहून कमी. पदार्थ तोच, अणू तेच, तरी शेजारी पळाले कुठे? जाड भागातून आणि रव्यांमधल्या फटींतून जे किरण गळतात ते लाटांची उंची खोटी कमी करतात. पुढे आयुष्यभर कोणाच्याही पेपरात 'कमी शेजारी, म्हणून ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा' असं वाचलं की हा मुलगा आधी पेलेटबद्दल विचारेल. यात बीमटाइमचे दोन-तीन तास जातात. मोठ्या मिनतवारीने मिळालेल्या शिफ्टमधले तास मुद्दाम खराब नमुन्यावर घालवायचे म्हणजे पोटात कालवतं, मला माहीत आहे. तरी घालवा.

पहिल्या बीमटाइमला तुम्ही स्वतः याच. आणि कीबोर्डपासून दोन हात लांब बसा. हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. मुलगा चुकीच्या मेनूत शिरतोय, तुम्हाला दिसतंय, हात शिवशिवतायत. मी यावर उपाय म्हणून विणकाम घेऊन जाते. सुया हातात असल्या की माऊस धरता येत नाही. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलांकडे रात्रपाळीत विणलेले मफलर आहेत, त्यातले काही तर फारच वेडेवाकडे, कारण त्या रात्री मुलं फार चुकत होती. हात फक्त दोनच कारणांसाठी मध्ये घालायचा: सुरक्षेचा प्रश्न असेल तर, किंवा दुसऱ्याचं उपकरण मोडणार असेल तर. डेटा वाया जात असेल तर जाऊ द्या.

फॉइलचं मात्र पहिल्या दिवशीच पक्कं करून घ्या. नमुन्याच्या मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या (किरण मोजणाऱ्या डब्यांच्या) मध्ये संदर्भ फॉइल प्रत्येक स्कॅनला, न चुकता. लोखंडाच्या द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी रूपांत एज तीन-चार इलेक्ट्रॉन व्होल्टने सरकते. यंत्र एकाने जरी घसरलं आणि फॉइल नसली, तर नंतर घरी बसून कितीही डोकं खाजवा, उपयोग नाही.

रात्रीबद्दल थोडं. इंडस-२ चोवीस तास चालतो, त्यामुळे रात्रपाळी येणारच. माझ्या दोन विद्यार्थिनींच्या घरी यावरून वाद झाले होते. ग्वाल्हेरच्या एकीचे वडील रोज रात्री अकराला फोन करायचे. मी एकदा त्यांच्याशी मराठीत अर्धा तास बोलले. जेवायला काय मिळतं, सोबत कोण असतं, गेटवर तपासणी कशी होते, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही आहात ना तिथे, मग झालं." त्यानंतर फोन आला तो थेट पीएच.डी. झाल्यावर, पेढे कुठे पाठवू विचारायला. तुमच्या विद्यार्थिनीच्या घरी बीमटाइमच्या आधीच बोला, तिला भांडायला लावू नका. शिफ्टला कायम दोघं ठेवा. आणि पहाटे तीननंतर नमुना बदलायला हरकत नाही, बेत बदलायला आहे. नवी कल्पना सुचली तर वहीत लिहून सकाळपर्यंत थांबायचं. शिफ्ट संपली की पोहे-जिलबी, पोह्यांवर भरपूर जिरावन (इंदुरी मसाला) घालून. मुलं खरं काय ते तिथे बोलतात, नियंत्रण कक्षात नाही.

भाषेचं एक. आमच्याकडे मीटिंग मराठी, हिंदी, माळवी अशा खिचडीत चालते. तुमच्याकडे गुजराती असेल. विचार ज्या भाषेत भराभर धावतो त्या भाषेत आधी बोलू द्या, इंग्रजी नंतर पेपरात येईलच. मी दर शनिवारी प्रत्येकाकडून अर्धं पान मागते, कुठल्याही भाषेत: या आठवड्यात काय कळलं नाही. काय केलं हे नको, ते मला दिसतंच. न विचारणाऱ्या मुलांसाठी हे पान फार कामाचं आहे, कारण तोंडाने जे येत नाही ते पेन्सिलीने येतं. ते 'थोडं हलतंय?' मी विसरलेले नाही.

आता मध्येच सोडून गेलेल्या ज्या मुलाबद्दल सांगायचं राहिलं होतं, त्याच्याबद्दल. तो मुलगा हाताने फार चांगला होता. बीमलाइनवर त्याच्यासारखी जुळणी मी क्वचित पाहिली. मला त्याची गरज होती म्हणून प्रत्येक बीमटाइमला तोच, दुसऱ्यांचे नमुने मोजायलाही तोच. चौथ्या वर्षी माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "मॅडम, मला एज येते, विषय येत नाही." त्याचं नाव सात पेपरांवर होतं आणि एकाही पेपरातला प्रश्न त्याचा नव्हता. तो सोडून गेला. आज देवासला शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो आणि पोरं त्याच्यावर जीव टाकतात, त्यामुळे त्याचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण निर्णय त्याने घेतला नव्हता, मी त्याला त्या कोपऱ्यात रेटलं होतं.

म्हणून अरुंद विषयाबद्दल माझं मत हे: पाय अरुंद वाटेवर असू दे, पण मुलाकडे दुसरं एक हत्यार हवंच. कोणी स्फटिकरचनेसाठी एक्स-रे विवर्तन पक्कं करतं, कोणी रामन, कोणी चुंबकीय मापनं, कोणी नमुने बनवण्यात तरबेज होतं. खंडवा रोडवरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम विद्यापीठांच्या मुलांना अशा मापनांसाठीच आहे. बीमटाइमला याल तेव्हा दोघांना तिथेही घेऊन जा. आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकाकडे एक तरी प्रश्न असा असू द्या जो तुम्ही दिलेला नाही.

आपलं जग लहान आहे, हेही त्यांना वेळेवर सांगा. देशात या तंत्रावर मनापासून काम करणारे गट बोटांवर मोजण्याइतके. आज ज्याच्या पेपरावर तुमची मुलगी बैठकीत तोंडसुख घेईल तोच उद्या तिचा प्रबंध तपासणार, परवा मुलाखतीला समोर बसणार. यावरून मुलांना भित्रं करू नका. टीका डेटावर करायची, माणसावर नाही, एवढं पुरे. पण याच कारणाने त्यांना तुमच्याखेरीज दुसरा एक कान हवा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार सल्लागार समितीपुढे दर सहामाहीला मांडणी असतेच, पण समितीपुढे कोणी 'सर ऐकत नाहीत' असं म्हणत नाही. तुमच्या मजल्यावरचा एखादा रसायनशास्त्रज्ञ, एक्झॅफ्समधलं ओ की ठो न कळणारा, बघा. त्याच्याकडे मुलांनी महिन्यातून एकदा चहा प्यायला जावं आणि तिथे काय बोलणं झालं हे तुम्ही विचारू नये.

पैशाचं विसरू नका. जेआरएफ (संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती) २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढच्या टप्प्याची एसआरएफ ४२,०००. पण कागदावर असणं आणि खात्यात येणं यात कधी पाच-सहा महिने जातात आणि लाजरी मुलं सांगत नाहीत. दर महिन्याला थेट विचारा, "पैसे आले का?" नियमाने तुम्हाला चार विद्यार्थी घेता येतात. पहिली तीन वर्षं दोनच ठेवा. कोणाचं नाव पेपरावर कितवं, हे बीमटाइमच्या आधी ठरवा, नंतर नको.

दिवाळीआधी दोघांना चार दिवस इंदूरला पाठवून देता आलं तर बघा. आमच्याकडे तिन्ही पेलेट करून घेऊ, म्हणजे शिफ्टमधला वेळ फक्त मोजायला राहील. मुलाला स्वतःचा वजनाचा हिशेब कागदावर करून आणायला सांगा, मुलीला नायट्रोजनवाला फिट. आणि येताना एक अकीकाचा खल आणा. आमचा गेल्या महिन्यात तडकला. कोणाच्या हातून, ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं.